टेपचा वेग

सिंथेसायझरच्या संथ, बिनतालाच्या सुरांची ‘धुक्याचा तळ’ ही कॅसेट इचलकरंजीतली आम्ही पाच निवृत्त मंडळी सहा वर्षं दर रविवारी ऐकतो, हे कळल्यावर संगीतकार ताम्हाणे स्वतः भेटायला आले. दुसरं कोणी ऐकतच नाही, म्हणाले. आता संगीत सोडूनच देणार होते.

त्यांना मानाने खुर्चीत बसवून आम्ही टेप लावला. दोन मिनिटांत ते ताडकन उठले. “अहो, टेप रडतोय तुमचा! केवढं हळू वाजतंय. हे माझं नाहीच!”

पिशवीतून स्वतःचा टेप काढून त्यांनी तीच कॅसेट खऱ्या वेगाने ऐकवली. आम्ही सभ्यपणे ऐकली.

“छान आहे,” आमच्यातले चौगुले मास्तर चहा ओतत म्हणाले, “पण तुम्हाला कुठे गाडी पकडायचीय का?”

ताम्हाणे पुन्हा खुर्चीत बसले. मग बारीक आवाजात म्हणाले, “तुमच्या टेपवरच लावा पुन्हा.” आणि डोळे मिटून त्यांनी अख्खी कॅसेट ऐकली. चहा गार झाला.

“पुढची झाली, की आधी इथेच आणतो,” निघताना ते म्हणाले. “मी काय केलंय, ते मला कळायला नको?”