खुलासा

पन्नास वर्षांपूर्वी प्रवेशपरीक्षा मंडळाकडून आलेल्या पत्राला मी उत्तरच दिलं नाही. 'दुसऱ्या प्रयत्नात आपले गुण संशय यावा इतके वाढले आहेत. खुलासा करा, अन्यथा पहिलेच गुण धरले जातील.' तेव्हा मलाच वाटलं, एवढे गुण आपले कसे असतील? कॉलेज हुकलं.

काल नातीला अगदी तसंच पत्र आलं.

"जाऊ दे गं, कशाला वाद?" मुलगा म्हणाला. "पहिल्या गुणांवर मिळेल ते कॉलेज घे."

"म्हणजे वर्षभर मी काय माशा मारल्या, बाबा?"

तिनं तिथंच लिहिलं, 'गुण माझेच आहेत. तुमच्यासमोर पुन्हा परीक्षेला बसते.'

मी तिच्या उत्तराची नक्कल केली, खाली माझा तेव्हाचा परीक्षा क्रमांक घातला आणि दोन्ही पाकिटं टपालपेटीत टाकली.