शपथेवर

कोर्टाच्या शिपायानं नाव पुकारलं तेव्हा फरशीवाला आईला बाहेरच्या बाकावर नीट टेकवून बसवत होता. गुडघ्यांमुळे तिला आत ताटकळणं जमणार नव्हतं.

"जिन्याचं सगळं सांग," ती म्हणाली. "घाबरू नकोस. त्याच्या बाजूनं बोलायला तुझ्याशिवाय आहे कोण आता?"

आठ महिन्यांपूर्वी नव्या इमारतीचा जिना कोसळला आणि त्याखाली त्याचा धाकटा भाऊ गेला. खटला बिल्डरवर होता. जिना पडताना तिघांनी पाहिला होता. दोघं फितूर झाले. उरला हा.

तो आत आला आणि दारातच थबकला. आधीचे न्यायाधीश बदलून गेले होते. त्यांच्या जागी बसलेल्या नव्या साहेबांना त्यानं बघताक्षणी ओळखलं.

जिना पडायच्या आदल्या वर्षी दोघा भावांनी दीड महिना याच माणसाच्या घरात फरशी घातली होती. साहेब दर रविवारी बघायला यायचे, चपला हातात धरून, ओल्या कामाच्या कडेकडेनं. बिल्डर सोबत असायचा. "हात चांगला आहे रे तुमचा," साहेब एकदा म्हणाले होते. त्या दिवशी धाकटा संध्याकाळपर्यंत शीळ घालत होता.

त्यानं सरकारी वकीलबाईंना गाठलं आणि हळूच हे सांगितलं. फाइल चाळणारी त्यांची बोटं थांबली.

"कागद आहे काही?"

"फरशी घातल्याचा कसला कागद, बाई? बिल्डरनं पाठवलं, आम्ही गेलो. मजुरीही त्यानंच दिली."

"मग तोंडातून अक्षर काढू नका. अवमान केला म्हणून आत जाल. फक्त जिन्याचं सांगा, शांतपणे. कळलं?"

त्यानं मान डोलावली. पिंजऱ्यात उभं राहून खरं सांगायची शपथ घेतली आणि जिन्याचं सांगितलं. स्लॅबखालचे टेकू चौथ्याच दिवशी काढले होते. अजून कच्चा आहे, माणसं चढवू नका, असं त्यानं बिल्डरला तोंडावर सांगितलं होतं. बिल्डर म्हणाला होता, तू तुझ्या फरशीचं बघ.

न्यायाधीशांनी एकदाच वर पाहिलं आणि चष्मा काढून पुसायला घेतला. ओळख पटली, फरशीवाल्याला वाटलं. त्याला थोडी आशाही वाटली. शेवटी माणूसच आहे.

बिल्डरचे वकील उठले. "तुम्ही फरशी घालणार. स्लॅबमधलं तुम्हाला काय कळतं?"

"वीस वर्षं साइटवर आहे, साहेब."

"असाल. पण माझ्या अशिलाकडे हे तुमचं पहिलंच काम. त्यांची कामाची पद्धत तुम्हाला कुठून माहीत असणार?"

"पहिलं नाही. दुसरं."

"अस्सं! मग पहिलं कुठलं?" वकील मजेत म्हणाले. "आठवून सांगा. शपथेवर आहात."

मागच्या बाकावर बिल्डर अर्धवट उठला. वकीलबाई बसल्या जागी मान हलवत होत्या, नको, नको. फरशीवाल्यानं पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरला. खोटं बोलायचं तर आत्ताच बोलायला हवं होतं, आणि त्याला एकही खोटं सुचेना.

"साहेबांच्या घराचं," तो म्हणाला.

"कुठल्या साहेबांच्या?"

त्यानं बोट दाखवलं नाही. नुसती नजर वर केली.

टाइप करणाऱ्या बाईचे हात थांबले.

"हे टाइप करू नका," न्यायाधीश म्हणाले. त्यांचा आवाज जराही चढला नव्हता.

"करा हो बाई, टाइप करा!" फरशीवाल्याचा आवाज मात्र फुटला. "साहेब, तुम्हीच म्हणालात ना, हात चांगला आहे? दोघांचा म्हणालात. तुमच्या झोपायच्या खोलीतली सगळी फरशी त्यानं एकट्यानं घातलीय. सकाळी उठून तुम्ही तिच्यावरच पाय ठेवता."

"पुरे."

"मी बाकी काही मागत नाही. फक्त तिथं दुसऱ्या कुणाला तरी बसवा. ज्यानं या बिल्डरचं काही घेतलं नाही असा कुणीही. मग त्यानं बिल्डरला सोडून दिलं तरी चालेल. मी ऐकून घेईन. आईलाही समजावीन. पण तो दुसरा असू दे, साहेब, पाया पडतो."

न्यायाधीशांनी चष्मा चढवला आणि टाइप करणाऱ्या बाईला एकेक शब्द सांगू लागले. भावाच्या मृत्यूमुळे साक्षीदाराच्या मनाचा तोल गेलेला दिसतो. त्याच्या साक्षीवर विसंबता येत नाही. त्याच्यावर अवमानाची कारवाई होऊ शकते. पण त्याचं दुःख लक्षात घेऊन न्यायालय त्याला माफ करत आहे.

बाईचे हात पुन्हा भराभर चालू लागले.

"न्यायालयाचा मोठेपणा," बिल्डरचे वकील झुकून म्हणाले.

शिपायानं फरशीवाल्याला दंडाला धरून दारापर्यंत आणलं आणि पुढचं नाव पुकारलं.

बाहेर आई भिंतीचा आधार घेऊन उठून उभी राहिली होती. "झालं? सगळं सांगितलंस?"

"सगळं सांगितलं."

"मग? काय म्हणाले न्यायाधीश?"

"माफ केलं."

आईचा चेहरा उतरला. "बिल्डरला?"

"नाही," तो म्हणाला. "मला."