डोळ्यांनी पाहिलेलं

मद्रासला, गिंडीतल्या एका प्रयोगशाळेत, फिलिपाइन्सहून रोडेल नावाचा तरुण सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला आला होता. एका सकाळी तिथंच काम करणाऱ्या सरोजानं त्याला विचारलं, "माझी नोंदवही पाहिलीत का?" त्याच्या दोन्ही हातांत आम्लाच्या बरण्या होत्या. त्यानं ओठांचा चंबू केला, आणि ती जागीच थिजलेली पाहून हसत पुन्हा केला.

सरोजा तडक प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे, नारायणस्वामी सरांकडे गेली.

"तुझा काही गैरसमज तर नाही ना, अम्मा?"

"एकदा नव्हे सर, दोनदा. मी डोळ्यांनी पाहिलं."

तिच्या नोंदीत आजवर कुणाला चूक सापडली नव्हती. रोडेलला असलं कारण सांगायची सरांनाच लाज वाटली. प्रशिक्षण संपलं, एवढंच सांगून त्यांनी त्याला चार महिने आधीच परत धाडलं. जाताना त्यानं सगळ्यांना सुक्या आंब्याची पाकिटं वाटली. सरोजानं घेतलं नाही.

पुढच्या वर्षी तिकडूनच तेरेसिता नावाच्या पन्नाशीच्या बाई आल्या. परीक्षानळ्यांचा ट्रे घेऊन चाललेल्या बाईंना सरोजानं विचारलं, "मॅडम, थर्मामीटर कुठे ठेवलाय?"

बाईंनी तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत ओठांचा चंबू केला. "त्या टेबलावर," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे सगळे असंच दाखवतात गं. हात रिकामे कुठे असतात?"

* * *

आदल्या वर्षी, रोडेल गेल्यावर, नोंदवही त्या सकाळी सरोजा उभी होती तिथं, तिच्या पाठीमागच्या खिडकीतच सापडली होती.