हैदराबादचा पट्टा

सिद्रामप्पांचा उजवा पाय खुर्चीखालून वीतभर पुढे आला. समोर कुणी उभं राहिलं की तो आपोआप पुढे येत असे. आज सकाळपासून त्याला उसंत नव्हती. सगळं गाव ज्यांना अण्णा म्हणे त्या सिद्रामप्पांची पंच्याहत्तरी होती आणि अर्धं उदगीर मंगल कार्यालयात रांग लावून उभं होतं. प्रत्येक जण वाकत होता, 'शरणार्थी' म्हणून लिंगायती नमस्कार करत होता आणि जेवणाच्या वासाकडे निघून जात होता.

आता समोर धाकटा भाऊ राजशेखर होता. रांग थबकली. राजशेखर वाकत नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

काही वर्षांपूर्वी दिवाळीत, दोघा भावांनी मिळून वाढवलेल्या भांड्यांच्या दुकानात लक्ष्मीपूजन झालं. राजशेखरच्या हातावर पेढा ठेवत अण्णा म्हणाले होते, "शेखर, दुकान माझ्या मृत्युंजयच्या नावावर केलंय. पोरगा माझा काय अन् तुझा काय, एकच की. तुझं बसणं-उठणं हायेच."

राजशेखरनं पेढा खाल्ला. दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, रिवाजाप्रमाणे अण्णांच्या पाया पडायला वाकला आणि अर्ध्या वाटेतच कमरेत उसण भरली. ती उतरलीच नाही. घरच्यांनी सगळा दोष एका पितळी हंड्यावर ढकलला. दिवाळीच्या गर्दीत तो त्यानं एकट्यानं उचलला होता. हंड्याला आपली बाजू मांडता आली नाही.

भावाच्या कमरेसाठी अण्णांनी काय केलं नाही! लातूरला मणक्यांचे फोटो काढले, सोलापूरला सुया टोचवल्या, हैदराबादहून हा एवढा रुंद पट्टा आणला. दुकान सोडून सगळं दिलं.

शेवटी बायकोनं, शिवकन्यानं, त्याला नांदेडला नेलं. डॉक्टर गीतांजलींनी सगळे फोटो उजेडात धरून पाहिले.

"मणके तुमच्या वयाला शोभतात," त्या म्हणाल्या.

"मग काय मी ढोंग करून राहिलो?"

"नाही हो. दुखणं शंभर टक्के खरं आहे. पण ते मणक्यातून येत नाही. दुकानात चोर शिरला की भोंगा वाजतो ना? कधी कधी चोर निघून जातो, भोंगा तसाच वाजत राहतो."

राजशेखरनं टेबलावरचे फोटो गोळा केले. मग म्हणाला, "मॅडम, चोर गेला न्हाई. रोज गल्ल्यावर बसतो."

शिवकन्यानं पदर तोंडाला लावला. डॉक्टर हसल्या नाहीत. "मग बिचाऱ्या भोंग्याला का शिव्या देता?" त्यांनी विचारलं. "हे आजवर कुणाला बोललात?"

तो कुणालाच बोलला नव्हता. त्या दिवशी परतीच्या एसटीत कंधारचा फाटा मागे पडला तेव्हा पहिल्यांदा बायकोला बोलला. शिवकन्या म्हणाली, "मला पाडव्यालाच कळलं होतं. तुम्हाला कधी कळतंय, याची वाट बघत होते."

त्यानंतर तो रोज सकाळी भिंतीला धरून जरा जरा वाकू लागला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दुखलं की घाबरायचं नाही, सावकाश श्वास सोडायचा आणि कमरेला सांगायचं की वाकल्यानं काही मोडत नाही. आधी हात गुडघ्यापर्यंत गेले, मग नडगीपर्यंत. एक दिवस त्यानं जमिनीवर पडलेला चमचा उचलला. शिवकन्यानं तो मुद्दाम पुन्हा खाली टाकला.

आज तो पाया पडायच्या तयारीनंच आला होता. माफ केलं होतं अशातला भाग नाही, पण कमर मोकळी झाली होती आणि मोठ्या भावाचा दिवस होता. पट्ट्याची गरज राहिली नव्हती. अण्णांनी आणलेला म्हणून शर्टावरून बांधला होता.

तो वाकू लागला. हात गुडघ्यापर्यंत पोचले. तेवढ्यात अण्णांनी त्याचा खांदा धरला.

"राहू दे, राहू दे! वाकू नको," असं म्हणून त्यांनी दुसऱ्या हातातला माईक तोंडाशी नेला आणि सगळ्या कार्यालयाला सांगितलं, "लई सोसलं माझ्या भावानं. याची कमर गेली, म्हणून नाइलाजानं दुकान मृत्युंजयकडं द्यावं लागलं. न्हाईतर दुकान याचंच होतं."

कार्यालय हळहळलं. पुढच्या रांगेतल्या बायांनी 'च्च च्च' केलं. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

राजशेखर सरळ झाला. सवयीनं त्याचा हात कमरेवर गेला. आता चमक निघणार, म्हणून तो थांबला. निघाली नाही. चोर पुढ्यात बसला होता आणि भोंगा गप्प होता. आता जे काही बोलायचं ते त्याचं त्यालाच बोलायचं होतं.

"अण्णा," तो म्हणाला. माईक तिथंच होता. "आधी दुकान गेलं. कमर दुसऱ्या दिवशी गेली."

अण्णांना माईक बंद करायचं बटण सापडेना.

राजशेखरनं पट्ट्याचं चिकटवलेलं टोक ओढून तो सोडला. त्याचा चर्रर्र आवाज माईकमधून थेट जेवणाच्या पंगतीपर्यंत गेला. वाढपी हातातली बादली घेऊन जागच्या जागी उभे राहिले. मग राजशेखर वाकला. सावकाश, श्वास सोडत, पार खालपर्यंत. पट्ट्याची नीट घडी केली, ती अण्णांच्या पावलांसमोर ठेवली, आणि गुडघ्याला हात न लावता उभा राहिला.

घडीला धक्का लागू नये म्हणून की काय, अण्णांचा पाय हळूच खुर्चीखाली मागे गेला.