घट्ट ब्रेक

"ह्याच्यापेक्षा घट्ट ब्रेक नाय काय?" नझीरने पुन्हा विचारलं.

ऋत्विकने हातातला पाना खाली ठेवला. मारुती मंदिरापाशी सायकलींचं दुकान टाकल्यापासून त्याने हर तऱ्हेची गिऱ्हाइकं बघितली होती. कुणी हलकी सायकल मागायचं, कुणी वेगवान. सायकल जितकी सावकाश जाईल तितकी बरी म्हणणारा हा पहिलाच बाप.

"काका, ही रोडबाईक आहे. पळण्यासाठीच बनवतात ती."

"पळूदे की. पण थांबली पायजे."

त्याच्या लेकीने, झाराने कपाळाला हात लावला. जिल्ह्याच्या शर्यतीत ती दुसरी आली होती, तेही मैत्रिणीची सायकल मागून. आता तिला स्वतःची हवी होती. तिने पसंत केलेली निळी सायकल बघूनच नझीर धास्तावला. टायर जेमतेम बोटभर रुंद, हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं, आणि आपली पोरगी त्यावर वाकून बसणार.

घर डोंगरावरच्या मोहल्ल्यात. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की उतार सुरू. एका अंगाला जांभ्याचा कडा, दुसऱ्या अंगाला खाली समुद्र, आणि मधून गणपतीपुळ्याला सुसाट निघालेल्या पाहुण्यांच्या गाड्या. भर वादळात मासेमारी बोटीचं इंजिन सांभाळणारा नझीर समुद्राला कधी भ्याला नव्हता. ह्या उताराला मात्र तो टरकून होता, आणि तसं सांगायला लाजतही नव्हता.

शेवटी डिस्क ब्रेकची सायकल बाहेर निघाली. ऋत्विकने चाक उचलून फिरवलं. चाकाच्या मधोमध पोलादाची चकचकीत चकती होती. ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडत. नझीरने स्वतः चाक फिरवलं, स्वतः ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी गप्प झालं.

"हा झाला ब्रेक," तो म्हणाला.

मग त्याने जरा रुंद टायर घालायला लावले. मागे लाल दिवा, हँडलला आरसा, दुकानातलं सगळ्यात भारी हेल्मेट. झाराला बूट अडकवायची पेडलं हवी होती. "पाय अडकवायचा? आणि पडलीस तर सुटणार कसा?" पेडलं बाद झाली. घंटा मात्र दोन बसवा म्हणाला, तेव्हा ऋत्विकने हात जोडले. एकीवर तडजोड झाली.

"काही वाजलं-बिजलं तर इकडे घेऊन या," ऋत्विकने निघताना सांगितलं. नझीरला हसू आलं. ज्याचा जन्म इंजिनं खोलण्यात गेला, त्याला हा पोरगा सायकल शिकवणार!

झारा पहिल्यांदा उतारावर निघाली तेव्हा नझीर फाटकापाशी कुंपणाच्या दगडी गडग्याला धरून उभा होता. वळणावर तिने ब्रेक दाबला आणि तो असा काही चिरकला की झाडावरचे कावळे उडाले. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. ती परत येईपर्यंत त्याला चहासुद्धा गिळवेना.

"नवीन हाय बाबा, वाजणारच," आल्या आल्या झारा म्हणाली. "चार दिवस जाऊदेत, आपोआप बंद होईल. ऋत्विकदादा बोललाय."

"आमचं इंजिन असं ओरडलं ना, तर आमी बोट मागं फिरवतो."

"पण ही बोट नाय ना!"

त्याची बायको खुर्शीद चुलीपाशी हसली. "ह्यांच्या हातात असतं, तर सायकलीला नांगर पण लावला असता. भिऊन भिऊन पोरीला घरात बसवाल एक दिवस."

नझीरला खरंच भीती वाटत होती. डोळे मिटले की ते चिरकणं कानात यायचं, मग वळण, मग समोरून येणारी गाडी. समुद्र निदान माणसाला सावरायला वेळ देतो. हा उतार काय देणार?

सकाळी झारा केस बांधत बाहेर आली, तर बाप सायकलपाशी उकिडवा बसलेला. खांद्यावर फडका.

"काय करताव, बाबा?"

"पुसून काढली गो. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकतं काय?"

तिला बरं वाटलं. म्हातारा सायकलीवर रुसला नव्हता तर. नझीरने तिच्या हेल्मेटचा पट्टा स्वतः आवळला आणि ओढून बघितला.

"सावकाश जा हां, बाय. गाडी दिसली की थांब."

"थांबते हो."

तिने टांग मारली आणि फाटकातून बाहेर पडली. लगेच चाकांनी उतार धरला. नझीर गडग्याशी श्वास रोखून उभा राहिला. पहिलं वळण आलं. त्याचे कान त्या आवाजाची वाट बघत होते. काहीच ऐकू आलं नाही. काल ती इथून थांबत थांबत उतरली होती, आज भर्रकन गेली. पोरगी एका दिवसात तयार झाली म्हणायची. खालून तिने एकदा "बाबा!" अशी हाक मारली. नझीरने हात उंच करून हलवला. कड्याआड पांढरं हेल्मेट दिसेनासं झालं.

त्याचा जीव भांड्यात पडला. सायकल घरात आल्यापासून पहिल्यांदाच त्याने पोटभर श्वास घेतला.

खुर्शीद चहाचा कप घेऊन दारात आली. तिनेही कान दिला.

"आज ब्रेक कायच वाजला नाय तो?"

"वाजेल कसा?" नझीरने समाधानाने घोट घेतला. "त्या चकतीला दोन्ही बाजूंनी चांगलं खोबरेल चोपडलंय मी."