दुसरा आणि पाचवा स्तंभ

"माउसला घाबरता काय, चेची? चावत नाही तो!" प्रजीश पार्टिशनच्या अलीकडून म्हणाला. चेची म्हणजे तिकडची ताई.

पलीकडे बिंदुजाचं नुसतं कपाळ दिसत होतं आणि एका कानात गेलेली वायर.

"चावू दे की. पण माझ्या टेबलावर त्याला जागा नाही."

तिरुवनंतपुरमच्या त्या पाणीमोजणी कार्यालयात प्रजीश आपलं नवं सॉफ्टवेअर विकायला आला होता. ते घेतलं की बिंदुजाची रवानगी आवक-जावक टेबलावर, हे ठरलेलं. नद्यांच्या आकड्यांशी तिचा संबंध संपला असता. त्या धास्तीने सकाळपासून तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता. पण दाखवेल तर ती बिंदुजा कसली!

साहेब, म्हणजे वर्की सार, न्यायी माणूस. ते म्हणाले, "दोघंही करून दाखवा. सगळ्या नद्यांच्या फायली आहेत. मला फक्त केंद्राचा क्रमांक आणि पाण्याची पातळी हवी. दुसरा स्तंभ आणि पाचवा."

प्रजीशने दोन-चार ठिकाणी टिचक्या मारल्या. रंगीबेरंगी तक्ता उघडला. "बघा सार, लहान मूलसुद्धा करील."

बिंदुजाची नजर समोरच्या भिंतीवर होती. तिने 'कट' असा हुकूम टंकला, स्वल्पविराम दिसेल तिथे ओळ तोडायला सांगितलं, दुसरा आणि पाचवा स्तंभ मागितला आणि एंटर दाबलं. मग कान देऊन बसली.

"गाणी ऐकताय होय?" प्रजीशने टोमणा मारला.

"छे. एक बाई आहे, सारखी बडबडते. पण खोटं बोलत नाही."

"माझं झालंसुद्धा!" प्रजीशने कागद छापून सारांच्या हातात दिला.

सारांनी चष्मा वर सरकवला. "पोरा, या केंद्राचा क्रमांक चार-सात. इथे चार जुलै कुठून आलं?"

प्रजीशचा चेहरा उतरला. त्याच्या सॉफ्टवेअरने स्वतःची अक्कल पाजळून क्रमांकांच्या तारखा करून टाकल्या होत्या. एक नाही, पानभर. बिंदुजाने छापलेल्या कागदावर मात्र चार-सात ते चार-सातच होतं.

"आवक-जावकचं विसर, पोरी," सार म्हणाले. "ही खुर्ची तुझीच."

बिंदुजाने दोन्ही हातांनी टेबल बडवलं आणि खदखदून हसली. इतका आनंद तिला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

प्रजीश तसा दिलदार. "हरलो, चेची! पण केलंत कसं ते दाखवा तरी."

तो पार्टिशनला वळसा घालून आला. टेबलावर कळफलक होता, गार झालेला चहा होता, हात न लावलेली केळ्याची भजी होती.

"अहो, स्क्रीन कुठाय?"

"हिशेबवाल्यांना देऊन टाकली," आवाजाच्या रोखाने मान वळवत बिंदुजा म्हणाली. "मला जन्मापासून दिसत नाही. कॉम्प्युटरमधली ती बाई सगळं कानात वाचून दाखवते. उगाच वीज कशाला जाळायची?"