न घातलेला शर्ट

"घातलेला नाही, तर धुता कशाला?" मुक्कामघराच्या मालकिणीने विचारलं. तिचा सारा जन्म दुसऱ्यांच्या चादरी धुण्यात गेला होता. कॉलर बघूनच तिने ओळखलं, की हा शर्ट कुणाच्या अंगाला लागलेला नाही.

पायी यात्रेला निघालेली ती बाई साबण घासत राहिली. ओले कपडे पाठीवरच्या पिशवीला टाचून वाळवत चालायचं, ही चालणाऱ्यांची जुनीच युक्ती. पण दुपारी एका ट्रकने चिखल उडवला, तो नेमका या शर्टावर. पांढऱ्याचा पार तपकिरी झाला होता.

सहाशे किलोमीटर पायी जायचं हा नवऱ्याचा हट्ट, आणि याच वर्षी जायचं हाही त्याचाच. आता नव्वद उरले होते. ओझं नको म्हणून बाईने अर्धा कंगवा मोडून टाकला होता, टॉवेल दोघांत एकच. आणि असल्या चिक्कू बाईने न घालायचा शर्ट मात्र बरोबर आणला होता! मुक्कामाला पोहोचली की आधी तो धुवायची, मग स्वतःचे पाय. वाटेवरचे लोक हसायचे. त्याहून जास्त हसायचे नवऱ्याला. तो कायम तिच्या दहा पावलं मागे, म्हणून त्याचं नाव 'शेपूट' पडलं होतं. तोही हसण्यावारी न्यायचा.

"निघाला का गं डाग?" त्याने बाकावरून विचारलं. बाक हातभर अंतरावर होता.

"निघेल."

"नाही निघाला तर उद्या बसने घरी. आपलं ठरलंय."

"निघेल म्हणते ना!" बाई मनातून घाबरली होती, पण तिने चौथ्यांदा साबण लावला.

मालकिणीला राहवेना. तिने आतून आपल्या नवऱ्याचा शर्ट आणला. "हा घ्या, ताई. नवाच आहे. त्या डागाचा नाद सोडा."

"निळा नको. पांढराच हवा."

फुकट मिळतंय तर वर नखरे! मालकीण फणकाऱ्याने आत गेली आणि कढत पाण्याची बादली अन् नीळ घेऊन बाहेर आली. कपड्यावरचा डाग तिलाही बघवत नसे. "सरका," ती म्हणाली. मग दोघी मिळून त्या शर्टाच्या मागे लागल्या.

सकाळी उन्हात शर्टाकडे बघताना डोळे दिपत होते. बाईने तो चार पिनांनी पिशवीवर पसरून टाचला.

"अहो, वाळलाय की तो!" मालकीण म्हणाली.

बाई पिशवी पाठीला लावून रस्त्यावर दहा पावलं पुढे गेली आणि थांबली. नवरा पायरीवर खांब धरून उभा होता.

"दिसतो का हो?" तिने मागे न बघता विचारलं.

"तू नाही दिसत," तो म्हणाला आणि त्याने खांब सोडला. "शर्ट दिसतो. चल."